माझ्यावर राज्य कधी?



आपल्या खेड्यांतील जुन्या घरांच्या माळ्यावर एक वस्तू पुष्कळदा धूळ खात पडलेली आढळते. तीन चाकांची, धरावयास आडवा दांडा असलेली ती लाकडी गाडी म्हणजे पांगुळगाडा. आपणांपैकी कितीएकांनी तिलाच धरून आयुष्यातील पहिले पाऊल टाकले असेल. तिच्या नावाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. पांगुळ म्हणजे ज्यास चालता येत नाही तो. वर्षभराचे प्रत्येक मूल पांगळेच असते हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले, आणि त्याची कीव करीत न बसता सुतारास बोलावून त्यांनी त्यास चाके करून दिली. गाडा घेऊन चालणाऱ्या बालकास कोणी हसत नाही. उलट ते ज्या दिवशी गाडा ढकलीत अंगणात येते, त्या दिवशी सारे घर ओसरीवर गोळा होते.

परंतु तेच मूल तीन वर्षांचे, चार वर्षांचे झाले आणि तरीही त्यास चालता आले नाही, तर काय होते? गाडा माळ्यावर जातो आणि मूल माजघरात. पाहुणे आले म्हणजे त्याच्याविषयी हळू आवाजात बोलले जाते. शेजारची मुले अंगणात खेळू लागली की दार पुढे ओढून घेतले जाते. ज्या घराने काल चाके दिली, तेच घर आज भिंती देते. हे निष्ठुरपणाने घडते असे आम्ही म्हणत नाही. बहुधा ते मायेनेच घडते, आणि म्हणूनच ते दुरुस्त करणे कठीण असते.

या विषयावर लिहिण्यास आम्हांस एका लहान मुलीने भाग पाडले. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. आपल्या धर्मग्रामात अशी दुसरीही बालके आहेत, आणि ज्याने त्याने आपल्या घराकडे पाहावे एवढाच आमचा हेतू आहे.

गेल्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणानंतर नेहमीप्रमाणे घरोघरी पवित्र जल घेऊन आशीर्वाद देण्यास आम्ही निघालो होतो. काकतीच्या बाजूच्या एका वस्तीत एका घरापुढे सहा-सात मुले शिवाशिवी खेळत होती. उंबरठ्याच्या आत, दाराच्या चौकटीस टेकून, चार वर्षांची एक मुलगी पोत्यावर बसली होती. तिचे दोन्ही पाय ताठ होते आणि गुडघे एकमेकांस चिकटलेले. बाहेरचे एखादे मूल दारावरून धावत गेले की ती दोन्ही हात वर करी, अंग मागे घेई आणि आपल्यालाच कोणी शिवू पाहत आहे अशा रीतीने खळखळून हसे. ती खेळतच होती. मात्र ती खेळत आहे हे खेळणाऱ्यांपैकी एकासही ठाऊक नव्हते.

तिच्या आजीने आम्हांस पाट दिला. आम्ही विचारले, "हिला बाहेर का बसवीत नाही?" आजी म्हणाली, "फादर, पोरं आडदांड हाईत. ढकलतील, पडंल. वर आनि बगणारी मानसं काय काय विचारत्यात बगा." आम्ही मान डोलाविली, देवाच्या इच्छेविषयी दोन शब्द बोललो, मुलीच्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि पुढच्या घरी गेलो. हे आम्ही मुद्दाम नमूद करीत आहो. त्या दिवशी आम्हांस त्यात काहीही वावगे वाटले नाही.

पुढे मे महिना आला. पवित्र मरियेच्या या महिन्यात आमच्या आवारात मुलांचे खेळ होतात. त्या मुलीची आठवण ठेवून आम्ही तिला मुद्दाम बोलावून घेतले. मंडपात आमच्या शेजारी तिला खुर्चीवर बसविले, थंड पेय दिले, आणि खेळ संपल्यावर सर्वांच्या आधी तिला बक्षीस दिले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. आम्ही मनातून संतुष्ट झालो. तिने मात्र ते बक्षीस हातात घेतले नाही. तिचे बोलणे सावकाश व अडखळत होते, म्हणून आम्ही कान जवळ नेला. ती म्हणाली, "बक्षीस नको. माझ्यावर राज्य कधी?"

वाचकहो, मुलांच्या खेळातील राज्य म्हणजे काय हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. शिवाशिवीत ज्याला शिवले जाते त्याच्यावर राज्य येते. कोणासही ते नको असते, सारेजण त्यापासून पळतात. तरीही ज्याच्यावर ते कधीच येत नाही, तो खेळात नसतो. तसेच, अगदी लहान मूल हट्टाने खेळात शिरले तर मोठी मुले त्याला 'कच्चे लिंबू' ठरवितात, हेही आपण जाणतो. कच्च्या लिंबाने धावावे, ओरडावे, परंतु ते बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. ही रीत दयेची खरी, पण मूल थोडे मोठे होताच तिचा त्याला राग येऊ लागतो. कारण आपल्याला खेळात घेतले आहे असे दाखवून प्रत्यक्षात वगळले आहे, हे त्याला कळू लागते.

त्या रात्री आम्हांस उमगले की आम्ही त्या मुलीस भर मंडपात कच्चे लिंबू केले होते. खुर्ची, पेय, बक्षीस, टाळ्या हे सारे आम्ही दिले. तिला जे हवे होते ते आमच्या ध्यानातही आले नव्हते.

पवित्र शास्त्रात अशा एका बालकाची हकिकत आहे. राजपुत्र योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा होता. युद्धात बाप व आजा पडल्याची वार्ता आली, तेव्हा दाई त्यास उचलून पळाली. त्या धांदलीत तो पडला आणि दोन्ही पायांनी लंगडा झाला. पुढे दावीद राजाने त्यास शोधून आणविले. राजा त्यास धान्य पाठवून मोकळा होऊ शकला असता. त्याने तसे केले नाही. आपल्या पुत्रांच्या पंक्तीस, आपल्याच मेजावर, त्याला कायमची जागा दिली. दान पाठविणे आणि पंक्तीस बसविणे यांतील अंतर आम्ही वेदपाठशाळेत असताना पुष्कळदा वाचले होते. त्याचा अर्थ आम्हांस चार वर्षांच्या मुलीने शिकविला.

आणि आजी ज्या बघणाऱ्यांस भीत होती त्यांच्या प्रश्नांचे उत्तरही शुभवर्तमानातच आहे. जन्मांध माणसास पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. तरीही आपल्या ख्रिस्ती घरांतूनसुद्धा ग्रहणात आईने काय कापले, कोणाची नजर लागली, कोणत्या पूर्वजाचा दोष भोवला, असली कुजबूज ऐकू येते. आम्ही स्पष्ट सांगतो की ही कुजबूज ख्रिस्ती श्रद्धेस शोभणारी नाही.

आम्ही एका जाणत्या डॉक्टरांस भेटलो. त्यांनी सांगितले की अशा मुलांच्या पायांत मूळचा दोष नसतो. जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी अथवा जन्मानंतर लवकरच मेंदूच्या ज्या भागाकडून स्नायूंस आज्ञा जातात त्यास इजा झालेली असते. दिवस भरण्यापूर्वी झालेला जन्म, जन्मतः श्वास कोंडणे, नवजात अर्भकाची तीव्र कावीळ ही त्याची काही कारणे होत. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मेंदूतील ती इजा पुढे वाढत जात नाही, परंतु हालचाल न मिळाल्यास स्नायू आखडत जातात व सांधे जखडतात. पुष्कळ मुलांची बुद्धी शाबूत असते. बोलणे अडखळते म्हणून समजही अडखळते असे मानण्याची चूक लोक करतात.

पूर्वी आपल्याकडे लहान मुलांच्या अधूपणाचे मोठे कारण पोलिओ होते. भारतात पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. घरोघरी डोस पाजणाऱ्या हजारो सेविकांचे हे यश आहे. तथापि पोलिओ गेला म्हणून अपंगत्व गेले असे नव्हे. जन्मतः पाऊल आत वळलेली मुले सुमारे हजारांत एखाद-दुसरे आजही जन्मतात. जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आठवड्या-आठवड्याने प्लास्टर बदलीत गेल्यास, बहुधा मागची शीर किंचित मोकळी केल्यास, आणि पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री विशेष बूट घातल्यास अशी बहुतेक पावले सरळ होतात. पाठीच्या कण्यात जन्मजात दोष असलेली मुले आहेत, हात अथवा पाय अपुरा असलेली आहेत, ज्यांचे स्नायू हळूहळू क्षीण होत जातात अशीही आहेत. इलाज प्रत्येकाचा निराळा. खेळण्याची भूक मात्र सर्वांची एकच.

ही भूक म्हणजे चैन नव्हे. सहा वर्षांपर्यंतचे मूल जे काही शिकते त्याचा मोठा भाग ते खेळातूनच शिकते. मातीत हात घातल्याने बोटे शिकतात, उतारावर तोल शिकतो, भांडणात बोलणे शिकते आणि आपली पाळी येईपर्यंत थांबताना मन शिकते. ऊन, वारा, चिखल, मुंग्या, पाखरे ही सर्व त्याची पुस्तके होत. धडधाकट मूल ती पुस्तके स्वतः जाऊन उघडते. ज्यास चालता येत नाही त्यास कोणी अंगणात नेले नाही, तर ती कायमची मिटलेलीच राहतात. पायांचा अधूपणा निसर्गाने दिलेला असतो. त्यावर अनुभवाचा अधूपणा आपण चढवितो.

थोर बालशिक्षकांनी हे फार पूर्वी ओळखले. मारिया माँटेसरी या कॅथॉलिक विदुषी व डॉक्टर होत्या. बुद्धीने दुर्बल मानल्या गेलेल्या मुलांस शिकवितानाच त्यांची पद्धती घडली. तीच साध्या मुलांस लावून १९०७ साली, तीन राजांच्या सणादिवशी, ६ जानेवारीस, रोममधील गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. दुर्बळांसाठी जे शोधले ते सर्वांच्याच उपयोगी पडले. पुढे १९३९ साली त्या भारतात आल्या आणि काही वर्षे येथेच राहिल्या.

आपल्या मराठी मुलुखात ताराबाई मोडक व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी ही दृष्टी खेड्यांत नेली. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी काम आरंभिले, आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर बहरले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांस दोष दिला नाही, बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. आज देशभर रूढ झालेला अंगणवाडी हा शब्द त्याच कामातून आला. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि तेव्हापासून गावोगावी अंगणवाड्या झाल्या. मूल अंगणात येऊ शकत नसेल तर अंगणाने मुलाकडे जावे, हे त्या शब्दाच्या पोटातच आहे.

कायदाही आज या बालकांच्या बाजूने उभा आहे. बालकांच्या हक्कांच्या १९८९ च्या जागतिक करारात खेळणे हा हक्क म्हणून नोंदला गेला आणि १९९२ साली भारत त्यात सामील झाला. २००६ च्या दुसऱ्या करारात अपंग मुलांस इतर मुलांच्या बरोबरीने खेळता आले पाहिजे असे स्पष्ट म्हटले आहे, आणि भारताने २००७ साली त्यास मान्यता दिली. आपल्या देशाच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले असून शिक्षणाबरोबर खेळ व करमणूक यांतही समान संधी सांगितली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अंगणवाड्यांतील दिव्यांग बालकांसाठी खास कार्यपद्धती जाहीर केली. अशा बालकास लवकर ओळखणे, अंगणवाडीत सामावून घेणे व त्याच्या घरच्यांस समर्थ करणे, आणि योग्य उपचारांकडे पाठविणे, हे तिचे तीन टप्पे आहेत. तेव्हा अंगणवाडीच्या दाराशी आपल्या मुलास घेऊन जाणारी आई भीक मागत नाही, हे तिने व आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे.

काकतीहून महामार्गाने उत्तरेस निघाले की निपाणी ओलांडून कोल्हापूर लागते. तेथील नसीमा हुरजूक यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालील अंग लुळे पडले. पुढे त्यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून अपंगांसाठी काम उभे केले. 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था १९८४ पासून कार्य करीत आहे. ज्यांस आपण घरात बसवून ठेवतो ते काय करू शकतात, याचे उत्तर आपल्यापासून इतक्या जवळ आहे.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही हे उत्तर आहे. इटलीत १२८७ साली एका सरदार घराण्यात मार्गारेट नावाची मुलगी जन्मली. ती आंधळी, ठेंगणी, कुबडी आणि लंगडी होती. आईबापांस तिची लाज वाटे. ती लहान असतानाच त्यांनी तिला प्रार्थनामंदिरालगतच्या खोलीत कोंडून ठेविले, आणि पुढे चमत्काराने बरी होत नाही असे पाहून चित्ता दी कास्तेल्लो या नगरात सोडून दिले. तेथील गरिबांनी तिला घरोघरी आसरा दिला, आणि तिने त्यांच्या लेकरांस सांभाळले, शिकविले. १३२० साली ती वारली. २४ एप्रिल २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिला संत म्हणून घोषित केले. सातशे वर्षांनी वेदीवर चढलेली ही संत आपल्या बालपणी कोंडलेल्या खोलीत बसली होती. आपल्या माजघरांत आज कोण बसले आहे, कोणी सांगावे?

असो. विचार पुष्कळ झाला, कृती काय केली तेही सांगितले पाहिजे.

प्रथम आम्ही आपलेच आवार पाहिले. आवारात व सभागृहाच्या दाराशी ती मुलगी कोठवर जाऊ शकेल असे मनाशी धरून चालत गेलो. उत्तर मिळाले: कोठेही नाही. रस्त्यावर मोकळी खडी, सभागृहास दीड फूट उंचीच्या पायऱ्या, झोपाळे उघड्या फळ्यांचे, घसरगुंडीस उभी शिडी. हे सारे आम्हीच बांधून घेतले होते व त्याचा आम्हांस अभिमान होता.

जून लागण्यापूर्वी घाईने एक उतरण करून घेतली. सहा फुटांची ती उतरण इतकी खडी झाली की धडधाकट माणूसही तीवर घसरे. एका गवंड्याने आम्हांस सांगितले की एक फूट चढण्यास बारा फूट लांबी लागते, म्हणजे दीड फुटास अठरा. आम्ही तत्त्वज्ञान शिकलो होतो, हा हिशेब शिकलो नव्हतो. आपल्या भागाचा पाऊस आपणांस ठाऊकच आहे. पहिल्याच महिन्यात मुरूम वाहून गेला आणि तांबड्या चिखलात सर्व काम बुडाले. काही मंडळी म्हणाली, "एका पोरीसाठी एवढा खर्च कशाला, फादर?" आम्हांस तेव्हा कफर्णहूमची आठवण झाली. पक्षाघात झालेल्या एका माणसासाठी त्याच्या चार मित्रांनी दुसऱ्याच्या घराचे छप्पर उकलले होते. प्रभूने छपराचा हिशेब विचारला नाही. त्यांचा विश्वास पाहिला.

पाऊस ओसरल्यावर काम पुन्हा धरले. उतरण अठरा फुटांची झाली. फाटकापासून आंब्यापर्यंत पाच फूट रुंदीची वाट ठोकून घट्ट केली, म्हणजे चाकाची खुर्ची तीवर वळूही शकेल. सुताराने झोपाळ्यास पाठ, दोन बाजू व पुढे पट्टा केला. वाळूचा ढीग जमिनीवर होता, त्याशिवाय एक मोठी पेटी पायांवर उभी केली, बसलेल्या मुलाचे गुडघे तिच्याखाली जातील अशा बेताने. चिखलाच्या दिवसांसाठी व्हरांड्याचा एक कोपरा मोकळा ठेविला. आणि एका आजोबांनी माळ्यावरचा पांगुळगाडा उतरवून, मोठी चाके व उंच दांडा लावून, चार वर्षांच्या मुलाच्या मापाचा करून दिला. यातील एकही वस्तू परदेशातून आणलेली नाही. वाळूच्या पेटीभोवती सर्वांत जास्त गर्दी धडधाकट मुलांचीच होते, हेही सांगितले पाहिजे.

परंतु खरी दुरुस्ती आम्ही केली नाही, मुलांनी केली. ती मुलगी आता संध्याकाळी आंब्याखाली येऊन बसू लागली होती. तिला खेळात कसे घ्यावे यावर मोठ्या मुलांनी बरीच मसलत केली. शेवटी एका दहा वर्षांच्या मुलीने निकाल दिला, "सगळ्यांनी बसूनच खेळायचं. उभा राहिला तो बाद." अशा रीतीने बसकी शिवाशिवी सुरू झाली. तेव्हा एक नवल दिसले. घरभर बसल्या बसल्या सरकण्याचा चार वर्षांचा सराव त्या मुलीच्या हातांत होता. धावणारे वीर दहा पावलांत दमले आणि ही मात्र सरसर सरकत सर्वांच्या पुढे.

तरीही काही दिवस तिच्यावर राज्य आले नाही. मोठी मुले तिच्याजवळ येत आणि दयेने हात मागे घेत. एके संध्याकाळी तीन वर्षांच्या एका पोराने, ज्यास अजून दया करण्याचे शिक्षण मिळाले नव्हते, तिच्या पाठीवर थाडकन हात मारला आणि ओरडला, "तुझ्यावर राज्य!" आम्ही पायरीवर बसलो होतो. क्षणभर सारे स्तब्ध झाले. मग ती मुलगी जी हसली, ते हसणे आम्ही विसरणार नाही. तिने इकडेतिकडे पाहिले, सर्वांत जवळचा गडी हेरला आणि आमच्या झग्यास हात लाविला. राज्य आमच्यावर आले. नियमाप्रमाणे आम्ही वाळूत बसलो, आणि सांगण्यास हरकत नाही की त्या संध्याकाळी आम्हांस कोणालाही शिवता आले नाही.

त्याच आठवड्यात ती झोपाळ्याजवळ कलंडली आणि तिचा गुडघा फुटला. आजी तडक आमच्याकडे आली. आता बोलणी खावी लागणार या भीतीने आम्ही उठून उभे राहिलो. आजी म्हणाली, "फादर, चार वरसांत पयल्यांदा हिचं गुडघं फुटलं बगा. आमच्या घरातल्या समद्या पोरांची फुटल्यात. हिचंच तेवढं कोरं हुतं." हे बोलताना म्हातारीचे डोळे भरून आले होते.

ती मुलगी आजही चालत नाही. चमत्कार झाला असे कोणी समजू नये. व्यायामासाठी तिला दवाखान्यात न्यावेच लागते आणि पुढचा मार्ग लांब आहे. परंतु ती आता उंबरठ्याच्या बाहेर आहे.

आईबापांस आमची हात जोडून विनंती आहे. मुलाची मान वेळेवर सावरली नाही, ते बसले नाही, एकच बाजू वापरते असे दिसले, तर नवस करीत महिने घालवू नका. प्रार्थना अवश्य करा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा. २०१३ पासून सरकारी पथके अंगणवाड्यांत व शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात, त्यांच्यापासून मूल लपवू नका. मुलास कसे बसवावे, कोणत्या हालचाली द्याव्यात हे व्यायामतज्ज्ञांस विचारा. पाठीस व पायांस आधार असला की हात खेळावयास मोकळे होतात. कण्याच्या दोषामुळे ज्या मुलाच्या पायांस संवेदना नाही, त्यास तापलेला पत्रा वा खडा टोचल्याचे कळत नाही, म्हणून खेळानंतर त्याचे पाय रोज पाहा. ज्याचे स्नायू क्षीण होत आहेत त्यास दमेपर्यंत खेळवू नका. एवढी काळजी घ्या, आणि मग सोडा. पडू द्या, मळू द्या, भांडू द्या.

शेजाऱ्यांस विनंती अशी की अशा मुलास पाहून "अरेरे" म्हणण्याऐवजी त्याचे नाव विचारावे. आणि बालगोपाळांनो, तुम्हांस काही शिकविण्याची आमची पात्रता नाही. एवढेच सांगतो, खेळ मांडण्यापूर्वी शेजारच्या उंबरठ्याच्या आत एकदा डोकावून या. आत कोणी असेल तर त्याला कच्चे लिंबू करू नका. खेळाचा नियम बदला.

काकती हे राणी चन्नम्माचे जन्मगाव. येथली एक मुलगी लहानपणी घोड्यावर बसावयास शिकली आणि पुढे १८२४ साली कित्तूरच्या रणात इंग्रजांपुढे उभी राहिली, याचा आपण अभिमान बाळगतो. या मातीतील दुसऱ्या एका मुलीस अंगणापर्यंत नेणे आपणांस जड का व्हावे?

प्रभू येशूने बालकांस जवळ घेतले आणि देवाचे राज्य अशांचेच आहे असे सांगितले. रोजच्या प्रार्थनेत आपण त्याच राज्याच्या आगमनाची विनवणी करतो. आम्हीही ती वर्षानुवर्षे करीत आलो. ते राज्य वाळूत सरकत येऊन आमच्या झग्यास हात लावील, अशी मात्र आम्ही कधी कल्पना केली नव्हती.

आपल्या प्रत्येक अंगणात ते येवो, आणि त्याच्यासाठी दार उघडण्याची बुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो, हीच प्रार्थना.